शिवाला काढा

धरमतर, ता. पेण
गुरुवार, १६ फेब्रुवारी १९९५

सुशील सरांना पुतळीचा नमस्कार.

रोह्याला सगळी बरी असाल. शाळेला रजा टाकून लिहायला बसलात असं कळलं. इकडे मिठागरात मीठ पडायला लागलंय. आमच्या ओट्यावर विसरलेली तुमची छत्री आहे, कोणी आलं तर पाठवीन. मी तिसरीपर्यंत शिकले, अक्षर लावून घ्या. घोळवून बोलायची मला सवय नाही, तरी चार कागद फाडून हा पाचवा.

तुम्ही जूनमध्ये पेणच्या पेपरात छापलंत, की आरमाराचं पुस्तक पुरं करायचंय म्हणून दर गुरुवारचं लिखाण बंद. तुमचं बरोबर असेल. पण आमच्याकडे एक म्हातारा बुधवारीच दाढी करून बसायचा, त्याचं काय? बाबांना दिसत नव्हतं, वाचून मीच दाखवायची. त्यांचा खापरपणजा शिवा आरमारात तांडेल होता, असं तुम्ही त्यांच्या तोंडचं छापलंत, पुस्तकातही घेईन म्हणालात, तो कागद मी भिंतीला चिकटवलाय. तेव्हापासून गाव त्यांना गुणाजी तांडेल म्हणायचा.

बंद झालं हे मी सांगितलंच नाही. जुना पेपर हातात धरायचा आणि मनाने रचून वाचायचं. मला काय आरमार ठाऊक? मग शिवालाच घ्यायची. एका गुरुवारी शिवाने गोऱ्यांचं जहाज धरलं. पुढच्या गुरुवारी त्याला सोन्याचं कडं मिळालं. बाबा खूश. "वाच गो, परत वाच." परत वाचताना कडं उजव्या हातातनं डाव्यात जायचं. "सरांचं ध्यान नाय हल्ली," म्हणायचे. तुम्हाला फुकट बोल लागले, माफ करा.

दिवाळीनंतर ते हसेनासे झाले. पेपर उघडला की तोंड भिंतीकडे. मला वाटलं, दुखणं. मी आणखी मोठं वाचायला लागले. शिवाला अख्खं गलबत दिलं.

तेव्हा हात धरला माझा. "बस कर, पुतळे. शिवा आरमारात नव्हता गो. मचव्यातनं मीठ न्यायचा, धरमतरच्या पुढं गेला नाय कधी. सर एवढे लांबनं आले, वही काढून बसले, माझ्या तोंडातनं निघून गेलं. एकदाच बोललो. त्याचं बघ केवढं झालं. सरांना लिही, शिवाला काढा."

सर, तेव्हाच बोलायचं होतं. बाबा, पेपरात तसलं काही नाही, ते सगळं मी रचलं. एवढंच. मला लाज वाटली. म्हटलं, उद्या सांगू.

पत्रही लिहिलं नाही. शिवाला काढलं की बाबाही पुस्तकातून निघणार, आणि मला त्यांचं नाव छापलेलं हवं होतं. ते रोज विचारायचे, "सरांचं उत्तर आलं?" मी रोज म्हणायचे, "येईल, पुस्तकात गुंतलेत."

गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी त्यांचा श्वास लागला. तरी तेच विचारलं. मी म्हटलं, "आलं बाबा. काढलं म्हणतात."

म्हणाले, "वाच."

मी पेपर घेतला हातात. इतके महिने खोटं वाचलं, पण त्या दिवशी तोंडातून एक शब्द निघेना. ते कान देऊन होते. किती वेळ होते ते मला कळलं नाही. मी पेपर खाली ठेवला तेव्हा बाबा गेले होते.

आज दहावं झालं.

आता शिवाला काढा. बाबांचं नाव त्याच्याबरोबर जाईल, जाऊ दे. आणि काढलं म्हणून मला चार ओळी लिहा. खाट मी अजून उचललेली नाही. तिथे बसून मोठ्याने वाचायच्या आहेत. अक्षर मोठं काढा, मी अडखळायला नको.

मीठ वाहणाऱ्या शिवाच्या घरची,
पुतळी