सात थाऊची झीज

प्रिय उल्हास,

फोन केला असता तर तू मध्येच बोलला असतास, आणि तू मध्ये बोललास की माझं मुद्द्याचं राहून जातं, म्हणून लिहितो आहे. पार्सिपनीत तुझ्या आणि माझ्या घरात गाडीने अकरा मिनिटांचं अंतर, आणि मी तुला पत्र लिहितो आहे. हस, लेका. पण शेवटपर्यंत वाच आणि उद्या हवानाला न्यायची बॅग बंद करायच्या आधी वाच.

आधी भांडून घेतो. बावीस वर्षं दर शनिवारी सकाळी तू माझ्या गॅरेजमध्ये येत होतास. माझं लेथ, तुझी बडबड आणि शैलजाचे पोहे. अर्ध्या महाराष्ट्र मंडळाची गवत कापायची यंत्रं आपण दोघांनी फुकटात दुरुस्त केली. मग गेल्या ऑक्टोबरात जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात तुला तो मूळचा हवानाचा ओरेस्तेस भेटला, आणि त्यानंतर तुझा एकेक शनिवार युनियन सिटीला त्याच्या घरी जायला लागला. पहिल्या शनिवारी तू फोन करून सॉरी म्हणालास. दुसऱ्या शनिवारी मेसेज. तिसऱ्या शनिवारपासून तेही बंद. शैलजा दोन माणसांचे पोहे करायला शिकली, मी मात्र अकरा वाजेपर्यंत गॅरेजचं दार उघडं ठेवत होतो.

तू स्पॅनिश शिकलास! तेलुगू सून घरात येऊन नऊ वर्षं झाली, तिच्या आईशी तुला दोन शब्द धड बोलता येत नाहीत, आणि या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसासाठी तू कानात यंत्र खुपसून सकाळी फिरताना क्रियापदं पाठ करतोस. तो तुला ‘एर्मानो’ म्हणतो. म्हणजे भाऊ, हे तूच मला कौतुकाने सांगितलंस. मला तू पन्नास वर्षांत काय काय म्हणालास ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती, पण त्या दिवशी झाली.

शैलजा म्हणाली, “अहो, तुम्ही जेलस आहात. सरळ ॲक्सेप्ट करा ना.” मी म्हटलं, या वयात कसला हेवा. खोटं बोललो. मला तुझा हेवा वाटत होता, त्याचा वाटत होता, आणि त्याच्या हवानातल्या त्या धाकट्या भावाचा, लाझारोचा, तर सगळ्यात जास्त. त्याला मी पाहिलेलंसुद्धा नाही. तू कधीतरी संध्याकाळी येऊन सांगायचास की लाझारोकडे चोपन्न सालची शेव्हरले आहे, तिच्यात रशियन गाडीचं इंजिन बसवलंय, पुढचे सांधे रशियन जीपचे, ब्रेकचं तेल मिळेना तेव्हा त्याने शाम्पूवर काम भागवलं, आणि या असल्या गाडीने तो शर्यत मारतो. पेट्रोल नाही म्हणून शर्यत दोनदा पुढे गेली, तरी गडी रोज बॉनेट उघडून बसतो. सांगताना तुझे डोळे चमकायचे. आपण दोघं कोल्हापूरला उद्यमनगरात हेच करत होतो ना रे? मग त्याचं ते अचाट आणि आपलं ते जुनं झालं, असं का?

तरी तू बोलावलंस म्हणून मी मार्चमध्ये युनियन सिटीला आलो. ओरेस्तेसने मला मिठी मारली, काळ्या घेवड्याचा भात वाढला, माझ्या ताटाकडे तीनदा बघून तीनदा वाढलं. माणूस चांगला आहे. चांगला नसता तर सोपं गेलं असतं. आणि मग तू त्याला तुझ्या मामाच्या हिलमनची गोष्ट सांगितलीस. गाडीचा ॲक्सल मोडला, कोल्हापुरात मिळेना, तेव्हा गुऱ्हाळाच्या चरकाचा जुना शाफ्ट आणून त्यातून नवा ॲक्सल काढला आणि त्याच रविवारी पन्हाळा चढून गेलो, ही गोष्ट. “आय मेड इट,” म्हणालास. तीनदा म्हणालास. उल्हास, शाफ्ट तू आणलास. कबूल. सायकलवर बांधून आणलास, पडलास, हनुवटी फोडून घेतलीस, सगळं कबूल. पण लेथवर दोन दिवस उभा मी होतो. मी तिथेच, तुझ्यापासून हातभर अंतरावर, घेवडा खात बसलो होतो, आणि तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. ओरेस्तेसने तुझ्या पाठीवर थाप मारली. मी पाणी प्यायलो.

त्यानंतर तासाभरात तू मोज्यात गुंडाळलेली ती किंगपिन माझ्या हातात ठेवलीस. कुणीतरी मायामीमार्गे बॅगेतून आणली होती. पुढचं चाक वळतं ते या पिनेभोवती. लाझारोच्या गाडीचे सांधे एकीचे आणि धड दुसरीचं, त्यामुळे कुठल्याच कॅटलॉगात ती मिळायची नाही. नमुना एक, बनवायच्या दोन. तू म्हणालास, “रव्या, हुबेहूब अशीच पाहिजे, उगाच तुझं डोकं लावू नकोस.”

मी डोकं लावलं नाही.

आता नीट वाच. त्या पिनेचा मधला भाग गाडीत घट्ट धरलेला असतो, तो झिजत नाही. टोकं झिजतात. मी मोजली तेव्हा टोकं मधल्यापेक्षा सात थाऊने बारीक होती. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले सात, डोळ्यांना दिसत नाहीत, नख फिरवलं तर कळतात. उद्यमनगरातल्या नवशिक्यालाही ठाऊक असतं की झिजलेल्या नमुन्यावरून माल काढताना झीज भरून घ्यायची. मला तर झोपेतही कळतं. पण तू हुबेहूब म्हणाला होतास. म्हणून मी नव्या कोऱ्या पोलादातून दोन पिना काढल्या आणि दोन्हीची टोकं मुद्दाम सात थाऊने बारीक केली. झीजसुद्धा हुबेहूब. त्यासाठी जास्त मेहनत लागली, हे ऐकून तुला किळस येईल. मग भट्टीत तापवून हार्डनिंग करून, पॉलिश करून तुला दिल्या. तू म्हणालास, “तुझ्या हाताला तोड नाही.” मी चहा विचारला.

माझ्या मनात काय होतं तेही सांगतो. पिना ढिल्या बसतील, चाक खडखडेल, लाझारो ओरेस्तेसला फोनवर शिव्या घालेल, आणि त्या एर्मानोसमोर तू तोंडघशी पडशील. मग एखाद्या शनिवारी मुकाट्याने माझ्या गॅरेजमध्ये येशील. एवढंच होतं. वेगात ढिल्या पिनेचं चाक थरथरायला लागतं आणि स्टिअरिंग हातात राहत नाही, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी तो विचार करायचं टाळलं. तू दाखवलेल्या फोटोत त्या गाडीच्या बॉनेटवर लाझारोची नात बसलेली होती, पुढचे दोन दात पडलेली. तो फोटो पाहूनही मी तीन आठवडे शांत झोपलो. माझ्याबद्दल तुझं जे काही मत होईल ते या एका वाक्यावरून होऊ दे.

मंगळवारी तुझा फोन आला. शर्यत नक्की झाली, हायवेचा तुकडा बंद करून देणार आहेत, आणि लाझारोच्या शेजारच्या सीटवर तू बसणार आहेस. वीणावहिनींना सांगू नकोस म्हणालास. एकाहत्तराव्या वर्षी हेल्मेट घालणार म्हणून लहान पोरासारखा हसत होतास. मी अभिनंदन म्हणालो, फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन पोलादाचा तुकडा शोधायला लागलो. मला घाम फुटला तो तुझ्यासाठी, लाझारोसाठी नाही. याची लाज बाकीच्या सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

शैलजा हा डबा आत्ता तुझ्याकडे देईल. तिला काही माहीत नाही. डब्यात दोन नव्या पिना आहेत, टोकं पूर्ण मापाची. बुधवारी दिवसभर काढल्या, काल हार्डनिंग करून आणल्या. आधीच्या दोन बॅगेतून काढ आणि शैलजाबरोबर परत पाठव, मी त्या कापून टाकतो. ओरेस्तेसला खरं सांगायचं की नाही ते तू ठरव, मी हरकत घेणार नाही. डब्याच्या तळाशी माझा मायक्रोमीटर ठेवला आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, उल्हास. दोन्ही पिना तिन्ही ठिकाणी, दोन्ही टोकांना आणि मध्ये, स्वतः मोज, आणि बरोबर भरल्या तरच घेऊन जा.

तुझाच (तू म्हणशील तोवर),
रवींद्र