साहेबांच्या हुंकाराची चौकशी

तीर्थस्वरूप अक्कांच्या पायाशी,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला लागली. उरलेली तीन लेखी समजावीत.)

तुमची तब्येत कशी आहे? साडूभाऊंच्या कानात नवीन यंत्र बसवल्याचं कळलं. आता त्यांना ऐकू येतं का, आणि येत असेल तर ते कबूल करतात का? आमच्या गिऱ्हाइकांत एक गृहस्थ होते. त्यांचं यंत्र बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली की आपोआप बंद पडायचं. दुरुस्तीवाला तीनदा येऊन गेला, पण दोष काही सापडला नाही. असो. इकडे सगळं ठीक आहे. तुमची धाकटी मजेत आहे. आमच्या लिफ्टदुरुस्तीच्या धंद्याचं ऑफिस पूर्वीसारखंच ती चालवते, मी नुसता मालक आहे. आत्ता ती शेजारच्याच खोलीत बसली आहे. मध्ये प्लायवूडची भिंत, आणि तिचे कान तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून फोन न करता पत्र लिहितो आहे. (मध्येच अक्षर बिघडलं तर ती डोकावून गेली असं समजा. तेवढ्यापुरता मी लिफ्टचं चित्र काढत असतो.)

तर अक्का, मी मास्तर झालो. हसू नका. सातवीत ज्याला फार बोलतो म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्यालाच लोकांनी वर्गात बोलावून बोलायला शिकवा म्हणून सांगितलं. झालं असं, की इथल्या तंत्रशिक्षणाच्या कॉलेजातली लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली, आणि आत प्राचार्यबाई. मी पोचलो तेव्हा बाई आतून इंग्रजीत रागावत होत्या, म्हणजे चांगल्याच घाबरल्या होत्या. मी नेहमीच्या सवयीने दाराच्या फटीला तोंड लावून बोलत राहिलो. बाई, आता दिवा जाईल, तो मीच घालवतोय. आता वर धप्प आवाज येईल, तो माझ्या माणसाचा आहे, लिफ्टचा नाही. आता तुम्ही वीतभर खाली याल, वीतभरच, मोजून. वीस मिनिटांनी बाई बाहेर आल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "तीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं स्पष्ट कोणी काही सांगितलेलं नाही. तुम्ही आमच्या मुलांना शिकवाल का?" मला वाटलं, लिफ्टचं काम. म्हटलं, शिकवीन की!

निघालं ते भलतंच. शेवटच्या वर्षाच्या मुलांना 'कामाच्या ठिकाणचं संवादकौशल्य' नावाचा विषय असतो. तो शिकवणारे सर एके दिवशी कोणाला काही न सांगता यायचेच बंद झाले होते. (संवादकौशल्याचे सर!) वर्गात चौदा जण. तीन आठवड्यांनी पॅकिंगची यंत्रं बनवणारी एक मोठी कंपनी त्यांच्या मुलाखती घ्यायला यायची होती. गेल्या वर्षी ती आली आणि एकालाही न घेता गेली. हात चालतात पण तोंड उघडत नाही, असा शेरा देऊन. यंदाही तीच गत झाली तर पुढल्या वर्षीपासून यायचीच नाही, आणि आसपास दुसरी कंपनी औषधालासुद्धा नाही. म्हणजे चौदा जणांची शिकलेली वर्षं पाण्यात. हे ऐकल्यावर मला 'नाही' म्हणवेना. (तुमची धाकटी म्हणते, मला ते कधीच म्हणता येत नाही. ते मी तिच्या बाबतीत सोडून देतो.)

पहिल्या दिवशी सगळ्यांना नावं विचारली. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीचे नुसते ओठ हलले. मी जवळ गेलो, कान पुढे केला, तरी वाराच आला. अक्का, माझ्या कानाला चार मजल्यांवरून कोणतं बेअरिंग रडतंय ते कळतं, पण त्या पोरीचं नाव कळेना. मी मनातल्या मनात तिचं नाव कुजबूज ठेवलं. दुसरा एक उंच मुलगा काहीही विचारलं तरी "तसं काही नाही सर" म्हणायचा. जेवलास का? तसं काही नाही सर. आधीच्या सरांचं पुस्तक टेबलात सापडलं. त्यात 'समोरच्याच्या डोळ्यांत पाहून स्मित करावे' असं लिहिलेलं होतं. करून पाहू म्हटलं. चौदा जण एकदम माझ्याकडे बघून हसले, आणि मी शर्टाची बटणं चाचपली. पुस्तक तिथल्या तिथे बंद केलं.

मग मी त्यांना माझी करंगळी दाखवली. तिची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो. (मला ती सांगायला आवडते.) मी नवा होतो, खाली लिफ्टच्या खड्ड्यात होतो, आणि उस्ताद वरच्या मशीनच्या खोलीत होते. मी खालून ओरडलो, "हात घालू का?" वरून आलं, "हं." मी हात घातला. ते 'हं' मला नव्हतंच. वर कोणीतरी त्यांना चहा घेणार का म्हणून विचारलं होतं. उस्तादांना चहा मिळाला आणि माझं करंगळीचं पेर गेलं. पुढे स्वतःचा धंदा काढला तेव्हा पहिल्याच दिवशी मी कायदा केला: समोरच्याने जे सांगितलं ते आधी त्याला परत म्हणून दाखवायचं. मग आपण काय करणार ते सांगायचं. केल्यावर 'केलं' म्हणायचं. आणि 'हं' या अक्षराला कामावर बंदी. बावीस वर्षांत माझ्या एकाही माणसाचं नखसुद्धा दुखावलेलं नाही. म्हटलं, पोरांनो, कामाच्या ठिकाणी बोलायचं ते एवढंच. बाकी सगळी सजावट.

वर्ग मी जिन्यात घेतला. सात जण चौथ्या मजल्यावर, सात जण तळाला. वरून सांगायचं, खालून ते परत म्हणून दाखवायचं. पहिले दोन दिवस जिन्याला काही त्रास झाला नाही. तिसऱ्या दिवशी कुजबूज वरच्या कठड्याशी उभी राहिली, डोळे मिटले, आणि तिने "दोर सोडतेय, बाजूला व्हा!" अशी आरोळी दिली की तळातले सात जण भिंतीला चिकटले, आणि बाहेर रस्त्यावर एक सायकलवालाही बाजूला झाला. दोर नव्हताच. खाली उतरल्यावर ती स्वतःच इकडेतिकडे बघत होती, कोण ओरडलं म्हणून.

पुढे मात्र ते साथीसारखं पसरलं. कॅन्टीनवाला आधी दोन चहा सांगितले की तीन कॉफ्या आणायचा. तो आता "दोन चहा, एक बिनसाखरेचा म्हणालात, आणतोय" असं म्हणून जायचा आणि "आणले" म्हणून ठेवायचा, आणि खरोखर दोन चहा असायचे. लोक बघायला यायचे. कॉलेजच्या शिक्षकांची बैठक, जी अर्ध्या तासात काहीही न ठरता संपायची, ती चार तास चालली आणि तिच्यात ठरलं. (शिक्षक खवळले. ठरलेलं करावं लागणार होतं.) 'तसं काही नाही'च्या आईचा मला फोन आला. म्हणाली, "मास्तर, आमचा हा सकाळी अंथरुणातून 'ऊठ म्हणालीस, उठतोय, उठलो' असं म्हणतो आणि खरंच उठतो. त्याला काही झालं तर नाही ना?"

आणि इथेच मी शेण खाल्लं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी पोरं घाबरली होती. त्यांचे चेहरे बघून मी बोलून गेलो की काळजी करू नका, कंपनीने नाही घेतलं तर मी घेईन. बोलायची पद्धत असते हो, अक्का! शब्द खाली पडतो न पडतो तोच कुजबूज उभी. "कंपनीने नाही घेतलं तर तुम्ही घ्याल म्हणालात. चौदाही जणांना. एक तारखेपासून?" एक तारखेचं तिने स्वतःच घातलं होतं. मी म्हटलं, हं. चौदा जण एका सुरात म्हणाले, "हं म्हणजे?" माझ्याच कायद्यात मी सापडलो. म्हटलं, हो बाबांनो, हो.

मंगळवारी कंपनीचे तिघे आले. भरभक्कम मोठे साहेब, नोकरभरतीच्या बाई, आणि लॅपटॉपवाला एक तरुण. मी बाहेरच्या बाकावर बसलो, कान दाराला. पहिला गेला 'तसं काही नाही'. दार उघडण्याआधी बाहेरूनच म्हणाला, "दार आत उघडतोय, कोणी मागे असाल तर सरका." आत साहेब म्हणाले, बसा. हा म्हणाला, "बसा म्हणालात. बसतोय. बसलो." साहेब म्हणाले, स्वतःबद्दल सांगा. याने सगळं नीट सांगितलं, न अडखळता, अगदी माझा ऊर भरून आला, आणि शेवटी "सांगितलं" म्हणाला. त्यावर साहेब म्हणाले, "हं."

दाराबाहेर माझी करंगळी ठणकली.

"साहेब," पोरगा अदबीने म्हणाला, "हं म्हणजे हो, नाही, की दुसऱ्या कोणाला?"

आत कोणाचं तरी पेन खाली पडल्याचा आवाज आला. नंतर त्या तरुणाकडून कळलं ते असं: साहेब सत्तावीस वर्षं 'हं' म्हणताहेत आणि सबंध कंपनी त्याचा अर्थ लावत बसली आहे. एका 'हं'वर माणसं नेमली गेली, दुसऱ्या 'हं'वर तीच काढली गेली, आणि एका 'हं'पायी कारखान्याच्या मागे अख्खी भिंत बांधली गेली जिच्या पलीकडे काही नाही. साहेबांना अर्थ विचारायची कोणाची छाती झाली नव्हती. आमच्या चौदांची झाली. प्रत्येकाने विचारलं. सहाव्या मुलापासून भरतीच्या बाईही वहीत काही लिहिण्याआधी विचारायला लागल्या, "सर, मघाचं हं कोणतं?" दहाव्याला त्या तरुणाने हळूच विचारलं, "सर, त्या भिंतीचं हं…?" साहेब लालबुंद. चौदावी कुजबूज. तिने खुर्ची ओढेपर्यंत साहेब उठलेच. "यातला एकही नको!" म्हणाले.

"यातला एकही नको म्हणालात," कुजबूज म्हणाली. (चौथ्या मजल्याच्या आवाजात.) "चौदाही जण नको. बरोबर?"

"हं."

"हं म्हणजे?"

"नको! नको! नको!" साहेब ओरडले आणि जिन्याने उतरले. लिफ्टही घेतली नाही, जी मी त्या दिवशी खास तेल घालून ठेवली होती. भरतीच्या बाई जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "सत्तावीस वर्षांत साहेबांनी पहिल्यांदा काहीतरी स्पष्ट सांगितलं. तुमचे आभार मानायला हवेत, पण मुलं काही घेता येणार नाहीत." पोरं मात्र रडली नाहीत, अक्का. रडली असती तर मी समजूत घातली असती आणि निभावून नेलं असतं. ती ओळीने माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "एक तारखेला येतोय, सर."

असं सगळं आहे. बाकी क्षेम. साडूभाऊंना नमस्कार सांगा, मोठ्याने.

तुमचाच,
धाकटीचा नवरा

ता. क. खुशाली लिहायला बसलो होतो, पण एक बारीकशी गोष्ट राहिली. आज शनिवार. मंगळवारपासून मी हे तुमच्या धाकटीला सांगितलेलं नाही. आमच्याकडे माणसं सात, आणि नवा माणूस तिला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, असा लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातला ठराव आहे. सात नवे लोक असते तर मी हिंमत केलीही असती. रोज जेवताना तोंड उघडतो आणि घास घालतो. ती जगात ऐकते फक्त तुमचं. तुम्ही एक फोन करून, इकडचंतिकडचं बोलता बोलता, मध्येच चौदा म्हणून टाकाल का? फोन अकरा ते एक करावा. तेव्हा मी बाहेर असेन. तुम्ही दुसऱ्या वेळी केलात तरी मी बाहेर असेन.

ता. क. पाकिटासाठी तुमचा नवा पत्ता माझ्याकडे नव्हता, म्हणून भिंतीपलीकडे जाऊन मागावा लागला. पत्ता देता देता धाकटी म्हणाली, "त्या मोठ्या आवाजाच्या पोरीला मी ऑफिसात फोनवर बसवणार आहे. उरलेले तेरा तुम्ही वाटून घ्या. कॉलेज, दोन दवाखाने आणि ती नवीन इमारत, एवढी कामं आपण माणसं नाहीत म्हणून सोडली होती, ती मी परवाच परत मागून घेतली." ती पोरगी म्हणे बुधवारी सकाळीच येऊन तिला सगळं सांगून गेली होती. चौदाही जणांचं जमलं, अक्का! मी पत्ता हातात घेऊन उभाच. मग तिने चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही कधी सांगणार होतात?"

ता. क. तेव्हा वरची विनंती रद्द, तिच्याऐवजी ही: मी तिला सांगितलं आहे की मी बुधवारीच तुम्हाला सविस्तर पत्र टाकलं, आणि तुम्हीच "थांबा, तिला मी सांगते" असं कळवलंत. (पत्ता नसताना ते पत्र गेलं कसं, हे तिने अजून विचारलेलं नाही.) पत्राच्या डोक्यावर मुद्दाम वार घातलेला नाही. तिथे तुमच्या हाताने बुधवार लिहावा आणि हे तिन्ही ता. क. कापून टाकावेत. शाई निळी आहे.