सोमवारचा सत्कार

मेहरूण, जळगाव
गुरुवार, ८ डिसेंबर १९९४

तीर्थरूप आबांना,
जावयाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आम्ही इकडे जिवंत आहोत. तुमचे गुडघे, अक्कांचा दमा आणि नवी म्हैस यांची खुशाली कळवावी. (म्हशीची आधी कळवलीत तरी चालेल, तुमचा क्रम मला ठाऊक आहे.)

तुमचं कार्ड मिळालं. तुमचा धाकटा निंबा बी.कॉम. झाला, त्याला माझ्या कंपनीत चिकटवून द्यावं, असं तुम्ही लिहिलंत. दिवाळीत आमच्या कपाटात तुम्ही सत्काराच्या शाली पाहिल्यात, तेव्हापासून शिंदखेड्याच्या बाजारात भाजीवालीलासुद्धा "मना जवाई मोठा सायेब व्हयी गया" असं सांगत फिरता म्हणे. आबा, तुम्ही त्या शालींवरून हात फिरवत होतात, तेव्हा माझी जीभ रेटली नाही. आता सांगतो. निंबाला इकडे पाठवू नका.

आमची कंपनी लोकांना घरासाठी कर्ज देते. वास्तुशांतीला आम्ही पहिल्या पंगतीला बसून जिलेबी खातो, आणि वर्ष सरायच्या आत त्याच दारात थकलेल्या हप्त्यासाठी उभे राहतो. (काही बायका तेव्हाही चहा देतात. तो घशाखाली उतरत नाही.) यालाही माणूस सरावतो. पण आमचे साहेब पुण्याहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि म्हणाले, आपण सगळे एक कुटुंब आहोत, यापुढे कोणी कोणावर रागवायचं नाही. म्हणून त्यांनी रागावणं बंद केलं आणि सत्कार सुरू केले. आठवड्यात ज्याची वसुली सगळ्यांत कमी, त्याला सोमवारी सकाळी पुढे बोलावून शाल आणि नारळ. बाकीच्यांनी साहेब हात वर करीपर्यंत टाळ्या वाजवायच्या. सत्कारमूर्तीने हसायचं (न हसल्यास टाळ्या लांबतात), आणि शाल दिवसभर काढायची नाही. मे महिन्यात, बाहेर जळगावचं ऊन भाजून काढत असताना, मी लोकरी शाल पांघरून संध्याकाळपर्यंत टेबलाशी बसलो आहे. नारळांच्या सुनंदाने चटण्या केल्या, वड्या केल्या, करंज्या केल्या. आता सोमवारी मी घरी आलो की ती आधी माझ्या पिशवीकडे बघते.

माझ्या शेजारच्या टेबलावर धुळ्याचे चुडामणभाऊ बसत. पन्नाशीचा, मऊ माणूस. दारात कोणी रडलं की त्याचीच समजूत काढून रिकाम्या हाताने परत येत. साहजिकच सत्कार बहुधा त्यांचा, नाहीतर माझा. गेल्या महिन्यात लागोपाठ तिसऱ्यांदा त्यांना शाल मिळाली. ते हसले, जागेवर येऊन बसले आणि त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. आम्हाला वाटलं, दमले. (टाळ्या चालूच होत्या.) डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं.

कंपनीच्या जीपमधून आम्ही सगळे धुळ्याला गेलो. साहेबांचा चेहरा खरोखर उतरला होता. त्यांनी पुढे होऊन चुडामणभाऊंच्या अंगावर शाल घातली, पायाशी नारळ ठेवला. आणि आबा, आम्ही टाळ्या वाजवल्या. कोणी ठरवलं नव्हतं. शाल पडली की हात उठतात, तसे उठले. चार-दोन वाजल्या असतील, मग सगळे थिजले. त्यांच्या पत्नी रुक्मावहिनी रडायच्या थांबल्या, आमच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनी साधेपणाने विचारलं, "टाया काबरं वाजाडी राह्यनात, भाऊ?" मला त्या दिवसापासून लाज वाटते, आणि माझ्याच हातांची भीती वाटते.

मग सोडत का नाहीस, असं विचाराल. हे मेहरूणचं घर कंपनीच्याच कर्जातलं, नोकरांसाठीच्या सवलतीतलं. नोकरी सोडली की सगळी रक्कम एकदम भरा, नाहीतर दाराला कुलूप. (ते लावायला आमच्यातलाच कोणीतरी येईल. सुनंदा त्याला चहा देईल की नाही, सांगता येत नाही.) मी अडकलो तो अडकलो. निंबाने गावात दुकान टाकावं, म्हैस पाळावी, काहीही करावं. तुम्ही माझ्यावर रागावलात तरी चालेल, घरचं माणूस रागावलेलं बरं वाटतं.

अक्कांना नमस्कार.

तुमचा,
रतिलाल

ता. क. थंडीला होतील म्हणून शाली सोबत पाठवणार होतो. सुनंदा नको म्हणाली. तुम्ही त्या पांघरून बाजारात जाल.

ता. क. आणखी एक. पत्र टाकायचं राहिलं आणि आज शुक्रवारी निंबाच येऊन उभा राहिला, थेट ऑफिसात, तुमचा निरोप घेऊन. साहेबांनी तिथल्या तिथे त्याला चुडामणभाऊंचं टेबल दिलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, पोरगं लाजलं. आबा, या आठवड्यात सगळ्यांत कमी वसुली माझी होती. आता ती निंबाची आहे, कारण त्याची अजून सुरूच झालेली नाही. हे लक्षात आलं तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. घरी येताना त्याने विचारलं, "दाजी, माले बी शाल भेटी का?" मी म्हटलं, सोमवारीच.

हे पत्र एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे, उद्या पोचेल. रविवारच्या गाडीने या आणि त्याला घेऊन जा. माझ्याच्याने ते होणार नाही. सोमवारी तो इथे असला तर मी टाळ्या वाजवीन. माझे हात मला ठाऊक आहेत.