हा करून पुसलेली काच

३ नोव्हेंबर, सोमवार
आले बाई एकदाची लेकीच्या घरी, आता इथंच राहायचं. मला वेगळी खोली दिलीय, पलंगाशेजारी दिवा, खिडकीला पडदा. ही वहीसुद्धा नातीनंच दिली. मी कशीबशी चौथी शिकलेली, पण ती म्हणाली, आज्जी, रोज थोडं लिही, मी तपासेन. सात वर्षांची आमची चिमणी, रुबाब मात्र हेडमास्तरांचा.

जावईबापूंना छंद जुन्या फोटोंचा. तेही कसले, तर पाइप ओढणाऱ्या माणसांचे. जिन्याची अख्खी भिंत भरलीय. दाढीवाले, टोपीवाले, एक तर बाईच आहे, खुर्चीत ऐटीत बसलेली. मी म्हटलं, बापू, ह्यांची विडी सोडवता सोडवता माझा जन्म गेला आणि तुम्ही या सगळ्यांना मानानं भिंतीवर बसवलंय. पोट धरून हसले.

५ नोव्हेंबर, बुधवार
बसून खायची सवय नाही, म्हणून फोटो पुसायचं काम मी मागून घेतलं. काचेशी तोंड न्यायचं, हा करायचं, वाफ धरली की सुती फडक्यानं गोल गोल पुसायचं. चिमणी लगेच शिकली. स्टुलावर चढून हा हा करत सुटली. लेक म्हणाली, आई, आल्या आल्या कामगार नेमलास होय.

बापूंनी एक गंमत सांगितली. पूर्वी फोटो काढताना बराच वेळ न हलता बसावं लागे. धूर हलतो आणि फोटो बिघडतो, म्हणून ही सगळी माणसं विझलेला पाइप तोंडात धरून बसलीत. खरंच, एकाही फोटोत धूर नाही. नुसता आव.

जिन्याच्या वळणावर एक म्हातारे आहेत. ओठ मिटलेले, गाल बसलेले. त्यांची काच चिमणी दोनदोनदा पुसते. म्हणे, या आजोबांना आवडतं.

९ नोव्हेंबर, रविवार
वळणावरच्या आजोबांच्या पाइपातून धूर निघतोय. आधी वाटलं काचेवर डाग पडलाय. घासला, जाईना. काचेच्या आतून आहे. बापूंना बोलावलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, ओल धरली असेल. पण जेवता जेवता उठून दोनदा जिन्यात बघून आले.

चिमणीला सकाळपासून धाप लागतेय. फार खेळली असेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार
डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, छाती स्वच्छ आहे. मग पोर चार पायऱ्या चढून खाली का बसते?

तिला जवळ घेऊन विचारलं. म्हणाली, मी हा केलं की आजोबा आत ओढतात. आणि अजून मागतात.

मी जिन्यात गेले. म्हाताऱ्याचे गाल भरलेत. ओठ किंचित उघडलेत.

हे मीच शिकवलं लेकराला.

१२ नोव्हेंबर, बुधवार
चिमणीला जिन्याकडे जायचं नाही म्हणून सांगितलं. तो फोटो अंगणातल्या चुलीत घालायचं ठरवलं. खिळ्यावरून उचलला मात्र, आणि खोलीतून लेकीची किंकाळी आली. पोर निळी पडली होती. धावत जाऊन परत टांगला. तेव्हा कुठं छाती हलली.

कापड टाकून बघितलं, तेच झालं. त्याला श्वास हवाच. काचेवरून नाही मिळाला तर तिच्याकडून ओढतो.

मग मी तोंड नेलं. हा केलं. भरभरून.

आतून चिमणीचा आवाज आला. आई, भूक लागली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बापूंना सांगितलं. आधी ऐकेनात. मग स्वतः हा करून बघितलं — पण वाफ काचेवर तशीच राहिली. त्यांची नाही घेत तो. माझी घेतो. ज्यांनी पहिल्यांदा पुसलं, त्यांचीच घेत असेल. बापू जिन्यातच बसून रडले. ज्यानं फोटो विकला त्याला गाठायला आज लेक आणि बापू गेलेत. काही उपाय असेल त्याच्याकडे.

मी म्हटलं, जा, मी आहे ना.

चिमणी चांगली आहे. गाल लाल. अंगणात दोरीवरच्या उड्या मारतेय. बघून डोळे निवले.

१५ नोव्हेंबर
जिन्यातच बसलेय. वरखाली करवत नाही. पुष्कळ श्वास घेतले जन्मात — त्यातले द्यायला कसली हरकत. आता लवकर लवकर मागतो. पाइपात निखारा दिसतो — लाल. फोटोत दुसरं काहीच लाल नाही.

दुपार
लेकीचा फोन — माणूस सापडेना. मी नीट आहे म्हटलं. एवढं बोलायलाच —

चिमणी गाणं म्हणतेय. म्हणू दे.

संध्याकाळ
तो हसतोय. दात दिसतात.

चिमणी आली — जिन्याखाली उभी. हातात फडकं. म्हणते, आज्जी, तू दमलीस, बस, मी पुसते. नको म्हणायचंय — आवाज फुटत नाही. हात हलवला — तिला वाटलं बोलावतेय. स्टूल ओढते आहे —

वही दाखवते तिला. माझं लिहिलेलं तीच तपासते — वाचेल. मोठं लिहिते

चिमणे

खाली उतर

तोंड जवळ नेऊ न