ईशानीने खणलेला खड्डा

मिल्टन कीन्स,
१२ मे २००७

प्रिय मीनल,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला ते शेवटी कळेलच. कळलं की तू मला पुन्हा पत्र लिहिणार नाहीस.

आधी गेल्या वर्षीचं बोलू. ईस्टरला आपण चौघं स्कॉटलंडला गेलो होतो. तू हॉटेलातच थांबलीस. नंदू, तुमची ईशानी आणि मी डोंगरावर गेलो. मोठ्या उताराच्या कडेला मी फावड्याने खड्डा खणून ईशानीला बर्फाचे थर दाखवले. वर वाऱ्याने आणून टाकलेला कडक थर, तळाशी जुना घट्ट बर्फ, आणि दोन्हींच्या मध्ये कोरड्या साबुदाण्यासारखे सुटे दाणे. चौकोनी ठोकळा कापून त्यावर फावड्याने हलकेच थापटलं, तर वरचा थर अख्खा घसरून माझ्या मांडीवर आला. मी म्हटलं, परत फिरायचं. नंदू धुसफुसत उतरला. त्या दिवशी काही कोसळलं नाही, हेही खरं.

मग रीडिंगला तुमच्याकडे प्रत्येक जेवणात नंदूचा तोच विषय. पाचशे मैल गाडी हाकून सुलक्षणाने आम्हाला नुसता चहा पाजून आणलं. ही बाई ताकसुद्धा फुंकून पिते. गणपतीत तर त्याने डाव हातात घेऊन भातात खड्डा खणला आणि माझी नक्कल केली. सगळ्यात जास्त तू हसलीस, मीनल. मला ते फार लागलं. दहा हिवाळे थंडीत कुडकुडत शिकलेली विद्या होती माझी, आणि तुम्ही ती हसण्यावारी नेलीत. यंदा ईस्टरला पुन्हा त्याच डोंगरावर जाताना तुम्ही मला बोलावलं नाहीत. बोलावलं असतं तरी मी आले नसते.

उतारावरचा बर्फ कोसळला, त्यात नंदू खांदा मोडून वाचला, ईशानी गेली. तिच्या अंत्यविधीला जो तो नशिबाला बोल लावत होता. एप्रिलमधला बर्फ, त्याचं कोण काय सांगणार, म्हणे. सांगणारी होती, मीनल. एकोणीस वर्षांची होती.

तिच्या मोबाइलचं बिल पाठवून तू विचारलंस, त्या सकाळी चार मिनिटं ती माझ्याशी काय बोलली. तर ऐक. तिने खड्डा खणला होता. मावशी, टॉप लेअर हार्ड आहे, पण खाली सगळं लूज आहे, तीन टॅप्समध्ये स्लाइड झालं, म्हणाली. बाबा नुसते हसतात, तू सांग ना त्यांना, मी फोन देते. मी म्हटलं, माझ्या सल्ल्याचं काय होतं ते मी पाहिलंय, तुझ्या बाबांनाच विचार. ती दोनदा प्लीज म्हणाली. तिने सगळं बरोबर ओळखलं होतं आणि ते मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. फोन ठेवताना माझ्या मनात एवढंच होतं, की एकदाचा तो बर्फ सुटावा आणि नंदूला कळावं.

तुझीच असं लिहायला हात धजत नाही.

सुलक्षणा