पाठ कोरी असलेल्या नोटिशीबाबत

प्रति,
मा. वसाहत अधिकारी,
लघुउद्योग वसाहत कार्यालय,
पहिला मजला (जिन्याच्या डावीकडील, पंखा चालू असलेली खोली).

अर्जदार : गाळा क्रमांक अकरामधील छापखान्याचा मालक.

विषय : चालू छापखाना बंद ठरवून गाळा काढून घेण्याची नोटीस रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची नोटीस, जिची एकच बाजू छापलेली आहे.
२) सदर नोटिसा छापून देण्याबाबत आपल्याच कार्यालयाने अर्जदाराला दिलेला कार्यादेश.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार खालीलप्रमाणे सविनय सादर करतो. विनय किती टिकेल हे अर्जाच्या लांबीवर अवलंबून आहे.

१. सदर गाळ्यात अर्जदाराचा छापखाना आहे. तो अर्जदाराच्या सासऱ्यांनी काढला आणि मुलीबरोबर तोही अर्जदाराच्या पदरात घातला. त्यात एक ऑफसेट मशीन, एक कागद कापायचे मशीन आणि तीन माणसे आहेत : मशीन चालवणारे, ज्यांना सारी वसाहत उस्ताद म्हणते; घड्या, शिलाई आणि मोजणी बघणारी अर्जदाराची पत्नी; आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाणारा अर्जदार. आपल्या नोटिशीनुसार हे सर्व बंद आहे. पंधरा दिवसांत गाळा रिकामा करून किल्ली जमा करायची आहे आणि आज त्यातला शेवटचा दिवस आहे. घरपोच माल पोचवणाऱ्या एका कंपनीला हा गाळा गोदामासाठी द्यायचे ठरल्याचे आपल्या शिपायाने सांगितले. कार्यालयातली खरी बातमी त्यांच्याकडूनच मिळते, असा अर्जदाराचा जुना अनुभव आहे.

२. छापखान्यांचे दिवस बरे नाहीत हे अर्जदार नाकारत नाही. लग्नपत्रिका फोनवर गेल्या, बिलबुके कॉम्प्युटरात गेली, आणि राहिलेली कामे दूरच्या शहरातले मोठे छापखाने इंटरनेटवरून गोळा करतात, पन्नास गिऱ्हाइकांची कामे एकाच मोठ्या कागदावर बसवतात आणि अर्जदाराला नुसता कागद ज्या भावात मिळतो त्या भावात छापून घरी पोचवतात. कागद दर महिन्याला महाग होतो, छपाईचा दर मात्र सगळ्यांना मागच्या वर्षीपेक्षा खालचा हवा असतो. अर्जदाराचा स्वतःचा मुलगा परगावी बसून फोनवर नाचणाऱ्या पत्रिका तयार करतो आणि "बाबा, ते धूड भंगारात घाला, मी पैसे पाठवतो" असे दर रविवारी सांगतो. त्यावर त्याच्या आईने त्याला जे उत्तर दिले ते सरकारी अर्जात लिहिण्यासारखे नाही.

३. या परिस्थितीची आपल्या कार्यालयाला जाण नाही असे म्हणता येणार नाही, कारण आपण गेल्या वर्षी "छपाई उद्योगातील नवे प्रवाह" या विषयावर एक परिसंवाद भरवला होता. त्याचे निमंत्रण फोनवर आले आणि मंचामागचा फलक परगावाहून छापून आला. कोट घातलेल्या तज्ज्ञांनी सांगितले की छपाई मरत नसून तिचे रूपांतर होत आहे, तरी छापखान्यांनी आता खोक्यांवर छापावे. खोक्यांवर छापायचे मशीन घ्यायला पैसे कुठून आणायचे, असे अर्जदाराने उभे राहून विचारले. तो विषय दुसऱ्या सत्रात आहे, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या सत्रात चहा होता.

४. आता मूळ मुद्दा. वसाहतीतल्या बंद घटकांना द्यायच्या, नावाची जागा मोकळी असलेल्या नोटिसा छापून हव्यात, असे काम आपल्या कार्यालयाने काढले आणि सर्वांत कमी दर अर्जदाराचा आला. तो दर परवडणारा नव्हता. पण मशीन नुसते उभे राहिले की उस्ताद घरी न जाता त्याच्याजवळ बसून राहतात, आणि ते बघवत नाही, म्हणून अर्जदाराने तो दर भरला. त्या दरात कागदाची बचत होत नाही, कारण कागद आपण मोजून घेता. मजुरीची होत नाही, कारण मजूर घरचेच. उरली शाई. तेव्हा अर्जदाराने बाजारातली सर्वांत स्वस्त शाई आणली. तिच्यात एकच खोट आहे. ती लवकर वाळत नाही.

५. काम पाठपोट होते, म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना छपाई. पुढच्या बाजूला मजकूर आणि अधिकाऱ्याच्या सहीची जागा, मागच्या बाजूला अटी. पाठपोट कामात पोट छापले की ते वाळेपर्यंत पाठीला हात लावता येत नाही. लावला तर एका कागदाची शाई दुसऱ्यावर उमटते आणि सगळा माल रद्दीत जातो. म्हणून आम्ही पोट छापले, टेबलावर, फळ्यांवर, जमिनीवर कागद पसरले, मशीन थांबवले आणि वाट बघत बसलो. आपले निरीक्षक नेमके तेव्हाच पाहणीला आले.

६. निरीक्षकांनी दारातूनच विचारले, "मशीन का बंद?" उस्ताद म्हणाले, "शाई वाळतेय." निरीक्षकांनी टिपले : यंत्र बंद, कामगार बसून. अर्जदाराची पत्नी म्हणाली, "साहेब, दूध तापायला ठेवलं की बाई पातेल्याकडं बघत उभी राहते. म्हणून काय घर बंद पडलं म्हणायचं?" निरीक्षकांनी टिपले : घटकाचा निवासी वापर. एवढे लिहून ते निघाले, आणि निघताना नुकत्याच छापलेल्या आपल्याच कार्यालयाच्या नोटिशीवर पाय देऊन गेले. त्या कागदावरचा बुटाचा ठसा अर्जदाराने जपून ठेवला आहे.

७. त्याच दिवशी संध्याकाळी आपले लिपिक टेम्पो घेऊन आले. महिनाअखेरीपर्यंत ठरलेल्या संख्येइतके घटक बंद दाखवायचे होते, असे ते म्हणाले. पाठ छापायची राहिली आहे, हे त्यांना परोपरीने सांगितले. "पाठीचं मागाहून बघू, आधी सह्या तर होऊ देत," असे म्हणून त्यांनी गठ्ठे उचलले. दुसऱ्या दिवशी त्या गठ्ठ्यातली पहिली नोटीस अर्जदारालाच मिळाली. आमच्या मशीनच्या रबरावर एक चरा आहे, त्यामुळे आमच्या प्रत्येक कागदावर उजव्या कोपऱ्यात एक बारीक पांढरा ठिपका येतो. तो ठिपका बघून उस्तादांनी नोटीस खाली ठेवली आणि ते हात धुवायला गेले. ते बराच वेळ आले नाहीत. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे अर्जदार लहानपणापासून ऐकत आला होता, पण तो दांडा सर्वांत कमी दरात आपणच पुरवू असे त्याला वाटले नव्हते. अर्जदाराला वाईट वाटले. राग नंतर आला.

८. नोटिशीच्या तळाशी "अपिलाबाबत मागील पान पाहावे" असे छापले आहे. मागील पान कोरे आहे. अर्जदाराने कार्यालयात येऊन लिपिकांना ते दाखवले. त्यांनी कागद उलटून पाहिला, उजेडात धरून पाहिला आणि निर्णय दिला की मागे काही छापलेले नसेल तर अपिलाची तरतूद नाही. अर्जदार म्हणाला, "तरतूद माझ्या छापखान्यात आहे. अटींची प्लेट तयार आहे. कागद परत द्या, छापून देतो." लिपिक म्हणाले, "बंद घटकाला काम देता येत नाही. तुमचा कार्यादेश रद्द झालाय." उंटावरचे शहाणे अर्जदाराने ऐकले होते. एवढ्या उंच उंटावरचे प्रथमच पाहिले.

९. उरलेल्या नोटिसांची पाठ छापण्याचे काम आपण परगावच्या एका इंटरनेटवाल्या छापखान्याकडे दिले, असेही समजले. एका बाजूला आधीच छापलेला कागद आमच्या व्यवस्थेत बसत नाही, एवढे उत्तर त्यांच्या यंत्राने पाठवले. ते उत्तर कोणी माणसाने दिले असते तर अर्जदार त्याच्याशी भांडला असता. म्हणजे आज वसाहतीत अर्जदाराप्रमाणेच स्प्रिंग वळणारा, पत्र्याचे डबे करणारा आणि परिसंवादातले ऐकून कर्ज काढून खोक्यांकडे वळलेला एक बिचारा शेजारी, अशा सगळ्यांच्या हातात कोऱ्या पाठीच्या नोटिसा आहेत. सगळे अर्जदाराच्या दारात येऊन विचारतात, "मागे काय होतं हो?" छापणाऱ्याला मजकूर पाठ असतो, असा लोकांचा समज आहे. या वेळी तो खरा आहे.

१०. मागे सहा अटी आहेत. सहावी अट, जी आपल्या सहीच्या मसुद्यावरूनच प्लेटवर आली, ती अशी : "घटक चालू असल्याचा पुरावा म्हणून, मुदतीच्या आत, सादर करण्याच्या दिवशीच तयार झालेला माल वसाहत अधिकाऱ्यांसमोर प्रत्यक्ष ठेवल्यास सदर नोटीस रद्द समजण्यात येईल." अर्जदाराकडे आज कोणाचेही काम नाही. गिऱ्हाइकांना नोटिशीची बातमी लागली आणि होती ती दोन कामेही त्यांनी उचलून नेली. माल तयार करायचा तर कशाचा, यावर आम्ही काल जेवताना बोललो. पत्नी म्हणाली, "अर्धं राहिलेलं काम आहे की. तेच पुरं करू. माझ्या बापानं कधी अर्धं काम दारातून सोडलं नाही."

११. त्यानुसार आज सकाळी उस्तादांनी सहा अटींची प्लेट मशीनवर चढवली. वसाहतीतल्या सर्वांनी आपापल्या नोटिसा आणून दिल्या. अर्जदाराची नोटीस सर्वांत वर ठेवली होती. मशीन चालू झाले तेव्हा पत्र्याचे डबे करणाऱ्याने आपले काम थांबवले आणि तो ऐकत उभा राहिला. आपल्या खोलीची खिडकी आमच्या बाजूला उघडते. पंख्यामुळे कदाचित आपणांस ऐकू आले नसेल.

तरी आपणांस विनंती की, सोबतची नोटीस उलटून पाहावी. तिची पाठ हाच अर्जदाराचा आज तयार झालेला माल. तारखेबद्दल शंका असल्यास पाठीवर बोट लावून पाहावे. आपल्याच मंजूर दरातली शाई असल्याने ती सायंकाळी कार्यालय सुटेपर्यंत ओली राहील. बोट काळे झाल्यास अट क्रमांक सहा पूर्ण झाली असे समजावे आणि त्याच हाताने नोटीस रद्द केल्याची सही करावी. ही शाई पाण्याने जात नाही, रॉकेलच्या बोळ्याने जाते. बोळा गाळा क्रमांक अकरामध्ये मिळेल, घटक चालू असल्याने.

आपल्या उत्तराची बाहेरच्या बाकावर वाट पाहत असलेला,

आपला नम्र (अद्याप),
(सही)
गाळा क्रमांक अकराचा छापखानेवाला

दिनांक : मुदतीचा शेवटचा.

सोबत :
१) नोटीस, पाठपोट. कृपया घडी घालू नये.
२) निरीक्षकांच्या बुटाचा ठसा असलेला कागद.
३) शेजाऱ्यांच्या नोटिसा, त्याही पाठपोट. त्यांचे मालक जिन्यात उभे आहेत. प्रत्येकाने आज केलेला आपापला माल हातात आणला आहे.