राहिलेले सोमवार

बाय कल्पे,

मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा येडेपणा हाय, कळतं मला. दुसरीत शाळा सुटलेली मी, निमीचं पेन घेऊन अक्षराला अक्षर जोडत बसलेय. पण आज तुझ्या आईने घरात एक विषय काढलाय, तो तुला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास जायचा नाय. तुझं बरं होतं, तुझ्या घशाखाली तसंही काही जात नव्हतं.

बघ, मेल्यावरही तुला बोलतेच हाय.

तुझी आई म्हणते, कल्पीचे सोळा सोमवार अर्धे राहिले, व्रत अर्धं राहिलं तर पोरीला गती मिळायची नाय. राहिलेले सोमवार धाकटीने धरायचे, मग उद्यापन करू. आणि निमी लगेच व्हय म्हणाली. कशी म्हणाली? तू म्हणायचीस तशी. मान खाली, आवाज एवढासा. 

उपासाचं खूळ तुला कधी लागलं? आधी चतुर्थी, मग सोमवार, मग गुरुवार, शनिवार. आळीतल्या बायका तुझ्या आईला म्हणायच्या, नशीबवान हायस, पोर किती देवाची! आई फुलायची. अगं, लोक उपासाला साबुदाण्याची खिचडी चापतात. तू पाण्यावर दिवस काढायचीस. आमच्या पेणमध्ये गल्लोगल्ली देव घडतात, तिथे उपास धरणाऱ्या पोरीला कोण अडवणार? तू उपाशी आहेस हे कुणाला दिसलंच नाय. भक्ती तेवढी दिसली.

गणपतीच्या कारखान्यात तू मूर्तींचे डोळे आखायचीस. एकदा तुझा डबा घेऊन आले, तर तू आखलेला डोळा पुसत होतीस. मालक म्हणत होता, छान झालाय, राहू दे. तू म्हणालीस, "डावा केसभर मोठा हाय." मी चष्मा पुसून बघितलं, मला दोन्ही सारखेच. तू पुसलास, आखलास, परत पुसलास. मालक कौतुक करत राहिला आणि डबा भरलेला घरी आला. देवाचे डोळे पुसून झाल्यावर तू तो फडका स्वतःवर धरलास, स्वतःलाच पुसायला लागलीस. बांगड्या कोपरापर्यंत चढवून बघायचीस. चढल्या की तोंड खुलायचं. दहावी पास झालीस तेव्हाही एवढी खुलली नव्हतीस.

निमी आणि तू एकाच टोपातलं जेवलात, एकाच आईच्या शिव्या खाल्ल्यात. निमीला कुणी जाडी म्हटलं तर ती त्याचा बाप काढायची आणि वर एक भाकरी जास्त घ्यायची. तुला कुणी म्हटलं नाय तरी तू ऐकलंस. राग आला की निमी भांडी आपटायची. तू भांडी घासायचीस, आरशासारखी. तुला राग येत नव्हता का गो? की तोच गिळून तुझं पोट भरायचं?

रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी तुला तपासलं आणि तुझ्या आईला विचारलं, स्वभाव कसा हाय हिचा? आई सांगत सुटली, जसं काय बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगतेय. उलटून बोलत नाय, हातात घेतलं ते अर्धं सोडत नाय, सगळं जिथल्या तिथे. बाई म्हणाल्या, "तेच तर! ही उपाशी राहणंही अर्धं सोडणार नाही." मनाचं दुखणं हाय, मुंबईला दाखवा म्हणाल्या. माझी पोर वेडी नाय, असं बडबडत तुझी आई पेणची एसटी धरायला पुढे निघाली. तू मागे माझ्याबरोबर. तेव्हा एकदाच बोललीस.

"आजी, मला थांबता येत नाय गो."

मी हात धरला. हात कसला, झाडूची काडी.

श्रावणातल्या सोमवारी कारखान्यात बसल्या जागी कलंडलीस. हृदय थकलं, डॉक्टर म्हणाले. बायका म्हणाल्या, सोमवारी गेली, पुण्यवान पोर. मी म्हटलं, उपाशी गेली. 

तेव्हापासून निमीने एक भांडं आपटलेलं नाय. ताटात भात इकडून तिकडे सारत बसते. म्हणून आज मी मध्ये पडले. राहिलेले सोमवार मी धरणार.

तुझी आई तोंडाला पदर लावून हसली. "तुम्ही? जन्मात एक एकादशी धरली नाय तुम्ही."

नाय धरली. धरमतरच्या मिठागरात जन्म गेला, गरिबाला उपास धरावा लागत नाय. पण आता धरीन. शंकराला चाललं नाय तर त्याने माझ्याशी येऊन बोलावं.

माझा शब्द घे, कल्पे. दर सोमवारी संध्याकाळी मी निमीच्या ताटात उपास सोडीन. पहिला घास तिचा, मग माझा. ती जेवली नाय तर मीही नाय. म्हातारीला उपाशी ठेवण्याएवढं काळीज तिच्याकडे नाय, मला ठाऊक हाय. आणि रोह्याच्या बाईंकडे तिला मी नेणार, तुझी आई कितीही बडबडली तरी. तुला गती मिळते का ते तुझं तू बघ. मला ही पोर जिवंत हवी.

निमी पेन मागतेय. कितीतरी दिवसांनी ओरडून मागतेय. ओरडू दे.

तुझी तोंडाळ
आजी